घसरण आणि गोष्ट : गतीच्या खेळातील कथनाचा नैतिक प्रश्न

१

कथनमीमांसा गोष्टीची घडण तपासते. गोष्टीत कृती कशा गुंफल्या जातात, निवेदक कोठे उभा असतो, काळ कसा मोडला-जोडला जातो, याची ती चिकित्सा करते. एखाद्या कृतीला मुळात गोष्ट लागतेच कशासाठी, हा प्रश्न मात्र ती क्वचितच विचारते. कादंबरीच्या वा नाटकाच्या संदर्भात तो विचारण्याचे कारणही पडत नाही. कारण तेथे कृती आणि गोष्ट यांची फारकत करता येत नाही. कादंबरीतील नायकाने केलेला खून संहितेबाहेर कोठेही घडलेला नसतो. संगणकावरील खेळांनी ही फारकत ढळढळीतपणे समोर आणली आहे. खेळणाऱ्याचे हात जी कृती करतात ती, आणि त्या कृतीभोवती रचलेली गोष्ट, या दोन वस्तू तेथे वेगवेगळ्या राहतात. एकच कृती एका गोष्टीतून उचलून दुसरीत बसवता येते. प्रसंगी गोष्टीवाचूनही ठेवता येते.

या दृष्टीने खेळांची मालिका हे अभ्यासाला विशेष सोयीचे क्षेत्र आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘नीड फॉर स्पीड’ या मोटार-शर्यतींच्या मालिकेत तीन दशकांत वीसहून अधिक खेळ निघाले. गाडी भरधाव हाकणे ही मूळ कृती सर्वांत समान आहे. तिच्याभोवतीची गोष्ट मात्र दर वेळी बदलत गेली. २००३ च्या ‘अंडरग्राउंड’पासून या मालिकेत ‘ड्रिफ्ट’ हा स्वतंत्र प्रकार आला. गाडी वळणावर मुद्दाम घसरवत, आडवी होत, पण ताबा न सोडता पुढे नेण्याचे हे कौशल्य. त्याच खेळापासून मालिकेने पात्रे, वैर, सूड आणि शेवट असलेली गोष्टही जाणीवपूर्वक सांगायला घेतली. घसरण आणि गोष्ट या दोघी अशा एकाच दाराने आत आल्या. पुढील खेळांत मात्र त्या एकमेकींबरोबर सुखाने नांदल्या नाहीत. एकीला जागा मिळाली की दुसरी आक्रसते, असे मालिकेचा क्रम पाहता दिसते. ही केवळ रचनेची अडचण आहे, की तिच्या मुळाशी काही नैतिक पेच आहे, हा येथील विचाराचा विषय आहे.

२

ड्रिफ्टचे स्वरूप प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. वळणावर मागच्या चाकांची रस्त्यावरील पकड सुटते, गाडीची शेपटी बाहेरच्या बाजूला फेकली जाते, आणि चालक चाक वळणाच्या विरुद्ध दिशेला फिरवून ती घसरण तोलून धरतो. रस्ता डावीकडे वळत असताना पुढची चाके उजवीकडे रोखलेली असतात. पकड पूर्ण सुटली तर गाडी गरगरून थांबेल. पूर्ण परत आली तर घसरणच संपेल. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत टिकून राहणे हे या कौशल्याचे सार आहे. जपानमधील डोंगरी घाटरस्त्यांवर ते वाढले आणि १९९५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘इनिशियल डी’ या चित्रकथामालिकेने ते जगभर पोचवले.

येथे एक विरोधाभास आहे. शर्यतीचा हेतू कमीत कमी वेळात पोचणे हा असतो, आणि डांबरी रस्त्यावर घसरत घेतलेले वळण हे सहसा वेळ दवडणारे वळण असते. टायर झिजतात, वेग मरतो, धूर होतो. म्हणजे शर्यतीच्या अर्थकारणात ड्रिफ्ट ही उधळपट्टी ठरते. म्हणूनच ‘अंडरग्राउंड’मध्ये ड्रिफ्टच्या फेरीत कोण आधी पोचले हे मोजले जात नाही, घसरण किती लांबली, किती नेटकी झाली याचे गुण दिले जातात आणि कठड्याला धडक बसली तर त्या घसरणीचे गुण हातचे जातात. शर्यतीच्या पोटात अशी एक बिगर-शर्यत दडलेली आहे.

भारतीय नाट्यविचारात या भेदाला फार जुने नाव आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’च्या चौथ्या अध्यायात मुनी एक रोकडी शंका विचारतात : नृत्त गीताच्या अर्थाशी जोडलेले नाही, ते कशाचे अनुकरणही करत नाही, मग ते प्रयोगात हवेच कशाला? भरताचे उत्तर असे की नृत्ताला कोणत्याही प्रयोजनाची अपेक्षा नसते. ते शोभा निर्माण करते म्हणून योजलेले आहे. पुढे धनंजयाच्या ‘दशरूपका’त ताललयाश्रित नृत्त, भावाश्रित नृत्य आणि रसाश्रित नाट्य अशी तिहेरी विभागणी पक्की झाली. या परिभाषेत बोलायचे तर ड्रिफ्ट हे शर्यतीच्या खेळातील नृत्त आहे. त्याला शत्रू लागत नाही, कारण लागत नाही, शेवटही लागत नाही.

मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये मांडलेल्या लयतत्त्वांची कसोटीही येथे लागू पडते. संवाद, विरोध आणि समतोल ही तीन तत्त्वे ड्रिफ्टमध्ये अक्षरशः शारीर रूपात दिसतात : वळणाशी संवाद, चाकाचा विरोध आणि दोहोंतून साधलेला समतोल. मर्ढेकरांच्या विचारात सौंदर्य हे नीतीच्या किंवा उपयुक्ततेच्या दाखल्यावर जगत नाही. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) जो अलौकिकतावादी ध्रुव दाखवून दिला, त्याच्या अगदी जवळ ही कृती जाते. उलट शर्यतीच्या खेळातील गोष्ट पूर्णपणे लौकिक असते. अपमान, पैसा, प्रतिष्ठा, प्रेम, सूड या ओळखीच्या प्रेरणांवर ती चालते. मालिकेतील झगडा अशा रीतीने मराठी सौंदर्यविचाराला परिचित असलेल्या दोन ध्रुवांचा झगडा आहे. फरक इतकाच की येथे रसिक प्रेक्षागृहात बसलेला नाही. त्याचे हात चाकावर आहेत.

३

‘अंडरग्राउंड’ची गोष्ट अगदी बेताची आहे. एका शहरात नवखा चालक येतो, एक मैत्रीण त्याला वाट दाखवते, तेथल्या टोळीच्या म्होरक्याशी त्याचे जुळत नाही, तो एकेक शर्यत जिंकत वर चढतो. सारे काही रात्री घडते. पोलीस कोठेही नाहीत. ड्रिफ्टच्या फेऱ्या बंदिस्त मार्गावर होतात आणि तेथे दुसरी वाहतूकही नसते. गोष्टीचे काम येथे सूत्रधाराचे आहे. ती पडदा बाजूला करते आणि निघून जाते. साहित्याच्या निकषाने ही गोष्ट निकृष्टच म्हणावी लागेल. तथापि तिच्या निकृष्टपणात एक प्रामाणिकपणा आहे. खेळणारा जे करतो त्याला ती मोठे कारण पुरवत नाही, कारण जे तो करतो त्याला मोठे कारण लागत नाही.

२००५ च्या ‘मोस्ट वॉन्टेड’मध्ये पारडे पूर्णपणे फिरले. रेझर नावाचा प्रतिस्पर्धी नायकाच्या गाडीत घातपात करून शर्यत जिंकतो, पैजेत त्याची गाडी घेऊन जातो आणि नायक पोलिसांच्या हाती सापडतो. पुराव्याअभावी सुटलेल्या नायकाला काळ्या यादीतील पंधरा चालकांना एकामागून एक हरवत पुन्हा रेझरपर्यंत पोचायचे असते. मदत करणारी मिया शेवटी वेषांतर केलेली पोलीस निघते. अखेरीस सारे शहर मागे लागलेले असताना तुटक्या पुलावरून उडी घेऊन नायक निसटतो. घटनांची साखळी घट्ट आहे. प्रत्येक शर्यतीला मागचे कारण आणि पुढचा परिणाम आहे. या मालिकेतील सर्वांत स्मरणात राहिलेली गोष्ट म्हणून ती ओळखली जाते. आणि नेमक्या याच खेळातून ड्रिफ्टचा प्रकार काढून टाकलेला आहे.

याला योगायोग म्हणून सोडून देता येईल. पण आतली संगती पाहिली तर तो योगायोग वाटत नाही. सूडाच्या गोष्टीला नृत्त परवडत नाही. ज्याची गाडी हिरावली गेली आहे त्याने वाटेत थांबून वळण सुंदर करावे, हे गोष्टीच्या तर्काला मानवणारे नाही. त्याऐवजी या खेळात दुसरी एक कृती केंद्रस्थानी आली : पोलिसांचा पाठलाग. पाठलागात खेळणाऱ्याने पोलिसांच्या गाड्यांची नासधूस केली की त्याच्यावरील बक्षिसाची रक्कम वाढते. रस्त्याकडेच्या काही वास्तू धडक देऊन पोलिसांच्या अंगावर कोसळवता येतात. त्याने सरकारचे किती नुकसान केले याचा हिशेब पडद्यावर डॉलरमध्ये धावत असतो आणि ठराविक नुकसान गाठणे हा पुढच्या पायरीवर जाण्याचा एक मार्ग असतो. ‘अंडरग्राउंड’मध्ये कठड्याला लागलेली धडक गुण घालवत होती; येथे धडकच गुण मिळवून देते.

गोष्टीने येथे नेमके काय केले, हे पाहण्यासारखे आहे. तिने आरंभीच नायकावर अन्याय केला. तो अन्याय खेळणाऱ्याच्या खात्यावर जमा झाला, आणि पुढची सारी मोडतोड त्या खात्यातून वळती होऊ लागली. ज्या पोलिसाच्या गाडीवर पाण्याची टाकी कोसळते त्याने खेळणाऱ्याचे काहीच बिघडवलेले नसते. घातपात केला तो रेझरने. परंतु कथानकाच्या ओघात हा भेद लक्षात राहत नाही. कथन येथे कृतीला अर्थ देण्याऐवजी सबब देते. अर्थ आणि सबब यांतील अंतर हाच या विषयातील नैतिक प्रश्नाचा गाभा आहे. अर्थ कृतीकडे पुन्हा पाहायला लावतो. सबब कृतीकडे पाहण्यापासून सुटका करते.

खेळांच्या अभ्यासात २००७ मध्ये क्लिंट हॉकिंग यांनी, खेळाची कृती एक सांगते आणि गोष्ट दुसरेच सांगते, या अवस्थेला विसंवाद म्हटले आणि तो दोष ठरवला. ‘मोस्ट वॉन्टेड’चे उदाहरण या निदानाला उलट्या बाजूने धक्का देते. येथे कृती आणि गोष्ट यांच्यात विसंवाद नाही, पुरता मेळ आहे. आणि नैतिक अडचण त्या मेळातूनच उभी राहते. कृती आणि गोष्ट एकमेकींना इतक्या चपखल बसतात की प्रश्न शिरायला फटच उरत नाही.

२००६ च्या ‘कार्बन’मध्ये ड्रिफ्ट परतले आणि गोष्टही राहिली. येथे रचनाकारांनी दोहोंना एका जागी आणणारे एक स्थळ शोधले : दरी. म्होरक्यांबरोबरच्या निर्णायक लढती दरीकाठच्या घाटरस्त्यावर होतात. पहिल्या फेरीत खेळणारा प्रतिस्पर्ध्याच्या मागे जितका लगटून राहील तितके गुण मिळवतो. दुसऱ्या फेरीत तो पुढे असतो आणि मागचा जितका जवळ येईल तितके गुण घटत जातात. कठडा तोडून दरीत गेले की सामना संपला. त्याच दऱ्यांत ड्रिफ्टच्या फेऱ्याही आहेत. नायकाला भूतकाळातील एका रात्रीचे कोडे सोडवायचे असते. त्याच्यावर विश्वासघाताचा संशय असतो. कडा ही येथे गोष्टीची आणि घसरणीची समाईक वस्तू होते. भूतकाळात जो घसरला असे सर्व मानतात तो वर्तमानात काठावर तोल सांभाळतो. ही प्रतिमा रचनाकारांनी योजली की आपसूक जुळून आली, हा प्रश्न गौण आहे. महत्त्वाचे हे की दरीकाठच्या या लढतींत गोष्ट कृतीला सबब देत नाही. तीच कृती अधिक गंभीरपणे पाहायला लावते. येथे धडकेचे बक्षीस नाही आणि चुकीची किंमत ज्याची त्याला मोजावी लागते.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगता येते. २०११ च्या ‘द रन’मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते न्यू यॉर्क अशी एकच सलग धाव आहे. गोष्ट इतकी वरचढ झाली की काही प्रसंगांत नायक गाडीबाहेर पळतो आणि खेळणाऱ्याने पडद्यावर सांगितले ते बटण वेळेवर दाबायचे असते. कर्त्याचे हात निव्वळ आज्ञाधारक होतात. २०१२ च्या नव्या ‘मोस्ट वॉन्टेड’ने उलट टोक गाठले; दहा गाड्यांची यादी ठेवली आणि माणसेच काढून टाकली. २०१५ च्या खेळाने वेग, शैली, बांधणी, जथा आणि बंडखोरी असे पाच मार्ग केले. त्यांत घसरण शैलीच्या वाटेला आली. नृत्त येथे एका स्वभावविशेषाची खूण बनले. या तिन्ही तडजोडी आहेत. प्रश्न त्यांनी सोडवला नाही, फक्त त्याची वाटणी केली.

४

येथवरच्या विवेचनावरून असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल की गोष्ट दोषी आणि नृत्त निरागस. हा निष्कर्ष घाईचा ठरेल. शोभेला प्रयोजन लागत नाही, हे भरताचे म्हणणे रंगमंचावरील नृत्ताविषयी आहे. रंगमंच आखलेला आहे, पूर्वरंग झालेला आहे, प्रेक्षक आपापल्या जागी आहेत, हे सारे त्यात गृहीत आहे. यॉहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळाची व्याख्या करताना स्थळकाळाच्या आखलेल्या मर्यादेला जे महत्त्व दिले, तेही यासाठीच. आखणी पुसली की तेच नृत्त वेगळी वस्तू होते. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगर येथे अल्पवयीन मुलाच्या हातातील भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. त्या वेगाला सूडाची गोष्ट नव्हती, कोणावर अन्याय झालेला नव्हता. प्रयोजनशून्य गती रस्त्यावर आली की तिला शोभा म्हणता येत नाही. एखाद्या खेळामुळे असे अपघात होतात असा कार्यकारणभाव येथे सुचवायचा नाही. तसा दावा करणे बेजबाबदारपणाचे होईल. मुद्दा संकल्पनेचा आहे : ‘कारण लागत नाही’ हे वाक्य सौंदर्याच्या क्षेत्रात मुक्तीचे आहे आणि नीतीच्या क्षेत्रात धोक्याचे.

या दृष्टीने ‘मोस्ट वॉन्टेड’च्या शहराकडे पुन्हा पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्या शहरात पायी चालणारे माणूस नाही. इमारती आहेत, दुकाने आहेत, सिग्नल आहेत, मोटारी आहेत. पदपथ रिकामे आहेत. गाड्यांतील माणसांचे चेहरे दिसत नाहीत. ‘अंडरग्राउंड’चा ड्रिफ्टमार्गही रिकामाच आहे, पण तो रिकामा असल्याचे तो लपवत नाही, कारण तो शहर असल्याचा दावाच करत नाही. ‘मोस्ट वॉन्टेड’चे शहर मात्र शहर असल्याचा दावा करते आणि नागरिक वगळते. दोन्ही ठिकाणी कृती शक्य होण्यासाठी कोणाला तरी दृश्यातून हटवलेले आहे. नैतिक समीक्षेने विचारायचा प्रश्न येथून आकार घेतो : ही कृती आणि ही गोष्ट सुखरूप चालावी म्हणून कोणाचे शरीर दृश्याबाहेर ठेवले गेले?

हा प्रश्न पडद्यापुरता नाही. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींचा न्यायालयीन इतिहास पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ च्या निकालाने जल्लीकट्टू आणि बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. कायद्याची बाजू बाजूला ठेवून या वादाची कथनात्मक बाजू पाहिली तर एका पक्षाकडे परंपरेची, शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची, गावजत्रेची गोष्ट होती; दुसऱ्या पक्षाकडे बैलाचे शरीर होते, ज्याला आपली गोष्ट सांगता येत नाही. परंपरेची गोष्ट या कृतीला अर्थ देते की सबब, हाच तेथेही वादाचा गाभा होता. आणि परवानगी देताना ज्या अटी व नियम आले ते म्हणजे दृश्याबाहेर गेलेल्या शरीराला दृश्यात परत आणण्याचा प्रयत्न होता, असे म्हणता येईल.

५

सोलापूर शहरात दरवर्षी मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते. गड्ड्याची यात्रा या नावाने ती सर्वांना परिचित आहे. नृत्त आणि नाट्य, घसरण आणि गोष्ट यांची दोन टोके तेथे एकाच मैदानाच्या परिसरात पाहायला मिळतात, आणि दोन्ही टोके संगणकीय खेळाच्या चर्चेला काही शिकवतात.

पहिले टोक यात्रेतील करमणुकीच्या भागातले, ‘मौत का कुवा’चे. लाकडी फळ्यांच्या उभ्या वर्तुळाकार भिंतीवर मोटारसायकलस्वार, कधी मोटारचालकही, वेगाच्या जोरावर आडवे होऊन फिरतात. प्रेक्षक वरच्या कडेवरून खाली पाहतात. कोणी नोट पुढे धरतो, स्वार भरवेगात ती हातातून टिपून घेतो. येथे कोणतीही गोष्ट नाही. कोणी कोणाला हरवत नाही, कोठे पोचायचे नाही. तोल, वेग आणि वर्तुळ एवढ्यावर सारे उभे आहे. हे शुद्ध नृत्त आहे, आणि ‘अंडरग्राउंड’मधील ड्रिफ्टहून ते एका बाबतीत मूलतः वेगळे आहे : येथील शरीर खरे आहे. रोजे काय्वा यांनी १९५८ मध्ये खेळांचे चार प्रकार मांडताना गरगरण्याच्या, भान हरपण्याच्या आनंदाला स्वतंत्र स्थान दिले. ‘मौत का कुवा’त मात्र ज्याला गरगर अनुभवायची आहे तो कडेवर सुरक्षित उभा असतो आणि जो गरगरतो त्याला भान हरपून चालत नाही, ते त्याचे पोट आहे. धोका एकाचा, थरार दुसऱ्याचा. त्या स्वाराची गोष्ट, तो कोठून आला, हंगाम संपल्यावर काय करतो, ही सांगितली जात नाही, आणि ती न सांगणे ही या खेळाची पूर्वअटच आहे. ती कळली तर नोट पुढे करणारा हात कदाचित अडखळेल. गोष्टीच्या अभावाचीही अशी एक नैतिक किंमत असते.

दुसरे टोक नंदीध्वजांचे. बाराव्या शतकातील शिवयोगी आणि वचनकार सिद्धराम यांनी त्या काळच्या सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली अशी श्रद्धा आहे. यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. पहिल्या दिवशी ती अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करण्यासाठी शहरभर फिरते, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो आणि तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होमविधी होतो. पांढऱ्या बाराबंदीतील भक्त उंच, जड काठ्या अंगावर पेलत चालतात. काठी एका बाजूला झुकू लागली की पेलणारा आपले सारे शरीर तिच्याखाली नेतो आणि तोल परत मिळवतो. झुकण्याच्या क्षणीच विरुद्ध हालचाल करून पडणे टाळायचे, ही ड्रिफ्टचीच मूलक्रिया येथे पायी चालण्याच्या गतीत आली आहे.

परंतु येथे कौशल्य गोष्टीपासून वेगळे काढता येत नाही. आख्यायिका अशी की एका कुंभाराच्या कन्येने सिद्धरामांशी विवाहाचा हट्ट धरला. योगी असलेल्या सिद्धरामांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली. अक्षता त्या विवाहाच्या. नंदीध्वज पेलणे म्हणजे हा विवाह पुन्हा घडवणे. काठी खाली आली तर गुण कमी होत नाहीत, गोष्टच अडखळते. येथे प्रतिस्पर्धी नाही, म्हणून गोष्टीला कोणाच्या विरुद्ध सबब पुरवावी लागत नाही. ‘कार्बन’च्या दरीत जे काही क्षणांपुरते साधले ते येथे पिढ्यान्‌पिढ्या साधत आले आहे, असे म्हणावेसे वाटते.

तरीही समीक्षेने येथे थांबू नये. अनुपस्थित शरीराचा जो प्रश्न पडद्यावरील शहराला विचारला, तो आपल्या शहराला न विचारणे अप्रामाणिकपणाचे होईल. होमविधीशी जोडलेल्या आख्यायिकेत ती कुंभारकन्या अग्निप्रवेश करते. योग्याचे व्रत राखले जाते, विवाह प्रतीकाशी लागतो आणि ज्या एका शरीराला प्रतीकात मावता येत नाही ते ज्वाळेत जाते. गोष्ट तिला विसरलेली नाही. विवाह तिचा, अक्षता तिच्या नावाने पडतात, होमही तिच्याच आठवणीचा. आणि हे विस्मरण टाळणे हीच या विधीची मोठी नैतिक शक्ती आहे. पण गोष्ट तिच्या जाण्याला मंगल ठरवते, हेही तितकेच खरे. स्मरण आणि मंगलीकरण ही दोन्ही कामे एकच कथन एकाच वेळी करते. त्याला निव्वळ सबब म्हणणे अन्यायाचे होईल आणि निव्वळ अर्थ म्हणणे भोळेपणाचे. ऐकणाऱ्याने दरवर्षी पुन्हा ठरवावे, अशी जागा ते मोकळी ठेवते. ‘मोस्ट वॉन्टेड’च्या गोष्टीने तशी जागा ठेवलेली नव्हती.

६

या तुलनेतून कृती-कथन संबंधाविषयी काही विधाने करता येतात.

पहिले असे की कौशल्याला गोष्ट लागतेच असे नाही. नृत्ताचे स्वातंत्र्य मान्य करणे हे भारतीय नाट्यविचाराचे मोठे योगदान आहे आणि संगणकीय खेळाच्या चर्चेत ते उपयोगी पडावे. खेळाला साहित्याच्या पंक्तीत बसवण्यासाठी त्याला गोष्ट चिकटवण्याची आवश्यकता नाही. ‘अंडरग्राउंड’चे घसरणारे वळण हे ‘द रन’च्या कथानकाहून अधिक सौंदर्यपूर्ण असू शकते. तथापि हे स्वातंत्र्य आखलेल्या सीमेच्या आत आहे आणि सीमा आखणे हे नैतिक कृत्य आहे.

दुसरे असे की गोष्ट कृतीला जोडली म्हणजे कृती नैतिक होते, हा समज सोडून दिला पाहिजे. मराठी समीक्षेत लौकिकतावादी भूमिका घेणाऱ्यांनी आशयाची, बांधिलकीची बाजू वारंवार मांडली आणि ती मांडणे गरजेचेही होते. पण आशय सबब म्हणूनही वापरला जाऊ शकतो, ही शक्यता तिने पुरेशी तपासली नाही. आरंभी एक अन्याय दाखवून नंतरची सारी हिंसा वसूल करणारी कथानके केवळ खेळांत नाहीत. लोकप्रिय कादंबरीत आणि चित्रपटातही ती भरपूर आहेत. खेळाने फक्त त्यांचा हिशेब डॉलरमध्ये पडद्यावर मांडून दाखवला.

तिसरे विधान वाचकाविषयी आहे. एस्पेन ऑर्सेट यांनी १९९७ मध्ये, ज्या संहितेत वाचकाला पुढे जाण्यासाठी खरोखरीचे श्रम करावे लागतात तिचा विचार मांडला. अशा संहितेत वाचक साक्षीदार राहत नाही, कर्ता होतो. साक्षीदाराला दया पुरेशी असते. कर्त्याला जबाबदारी टाळता येत नाही. म्हणून अशा संहितेतील कथनाने कर्त्याला निर्दोष ठरवण्याची घाई केली की ते साहित्य म्हणून उणे ठरते, आणि हे उणेपण रचनेचे नव्हे, दृष्टीचे असते. कथनाचे खरे काम कृतीला कारण पुरवणे नाही. ज्याला दृश्याबाहेर ठेवल्यामुळे कृती सोपी झाली त्याला पुन्हा दृश्यात आणून उभे करणे, हे ते काम आहे. रिकाम्या पदपथावर एक माणूस चालताना दिसला तर त्या शहरातील प्रत्येक वळण वेगळ्या रीतीने घ्यावे लागेल. त्या वेळी गाडी घसरवण्याचे कौशल्य कमी लागणार नाही, अधिकच लागेल.